कळण्याच्या भाकरीवर वाढलेला जिवाणू

मी नर्मदाबाईच्या पोटातून बोलतोय. तिच्या मोठ्या आतड्यात डोळ्यांना न दिसणारा एक जिवाणू राहतो, तो मी. जिवाणू म्हटलं की तुम्ही लोक लगेच साबण शोधता. थोडं थांबा. मी कुणाला आजारी पाडलेलं नाही. सत्तर वर्षं या बाईच्या ताटातलं उरलंसुरलं खाऊन मी तिचंच आतडं सांभाळलं, आणि इतक्या वर्षांत मला कुणी नुसतं 'बस' म्हटलेलं नाही.

आमच्यात बाप-लेक असं काही नसतं. एकाचे दोन होतात आणि दोन्ही तोच असतो. म्हणून सत्तर वर्षांची ही हकीकत मी 'मी' म्हणूनच सांगतोय. मला कान नाहीत, पण पोटात आवाज घुमतो. बाई लाजली, घाबरली की आतडं आवळतं. त्यावरून बाहेर काय चाललंय ते मला बरंचसं कळतं.

नर्मदाबाई जन्मली त्या घटकेला मी तिच्या आईकडून तिच्याकडे आलो. ना मुहूर्त, ना बारसं. पहिली दोन वर्षं दुधावर जेमतेम काढली. मग तिच्या तोंडात भाकरी पडली आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

ती भाकरी कळण्याची. ज्वारीत उडीद टाकून सालासकट दळायचं, त्या पिठाची काळसर, जाड भाकरी थापायची. सोबत मिरचीचा ठेचा आणि तेल. नंदुरबारजवळच्या धानोऱ्यात, शेतकऱ्याच्या घरात, नर्मदाबाईनं पासष्ट वर्षं हेच खाल्लं. तिला पचायचं ते ती वरच्यावर पचवायची. न पचलेला कोंडा खाली आमच्याकडे यायचा.

आमच्याकडे म्हणजे काय, तर मोठी वस्ती होती. हजार जातींचे जीव, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. माझ्या शेजाऱ्याला मी फोड्या म्हणायचो. कोंड्याचं कठीण कवच तोच फोडायचा. मला ते जमत नाही. त्यानं फोडलं की मी आतलं खायचो, आणि माझ्याकडून जे आंबटसर रस सुटायचे त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जायचं. पोट भरलं, आता हात धू, असा निरोपही त्यातूनच वर डोक्याकडे जायचा. नर्मदाबाई दिवसभर मिरची तोडायची, दोन भाकरी खायची आणि तिसरी नको म्हणायची. अंगानं ती चिपाडासारखी, पण कामाला वाघीण होती.

मग एक दिवस दीपमाला डबी घेऊन आली.

दीपमाला ही नर्मदाबाईच्या मुलाची, हेमराजची मुलगी. हेमराज नंदुरबारला नोकरीला, बायको चेतना आणि मुलगी तिकडेच. दीपमाला कॉलेजात जिवाणूंचंच शिकत होती. माणूस काय खातो, त्याचं वजन किती, आणि त्याच्या पोटात कोण राहतं, हे तिच्या सरांना तपासायचं होतं. जे सापडतील त्यांतले काही वाढवून, गोठवून कायमचे जपून ठेवणार होते.

"मन्ही आनि पप्पानी डबी तपासी झायी," ती आजीला सांगत होती. "आम्हना पोटमा जुना जीव काहीच नहीत. तुन्हा पोटमा व्हतीन, आजी. तू अजून कळनानी भाकर खास."

हे ऐकून मी हादरलो. हेमराज जन्मला तेव्हा मी त्याच्यातही गेलो होतो. म्हणजे माझी ती शाखा शहरात मैद्यावर बसून संपली होती. दीपमाला तर ऑपरेशननं जन्मलेली, बाटलीच्या दुधावर वाढलेली. तिच्यापर्यंत मी पोचलोच नव्हतो. नर्मदाबाईला आता मूल होणार नव्हतं. ती गेली की माझं कूळ बुडणार. वाट एकच होती, ती डबी.

"सकायमा यामा चमचाभर भरी ठेव," दीपमाला म्हणाली.

"काय भरू?"

पोरीनं हळूच सांगितलं. नर्मदाबाईनं तोंडाला पदर लावला असावा, कारण आतडं असं आवळलं की आम्ही सगळे एकमेकांवर आदळलो.

तिचं चुकलं असं तरी कसं म्हणू? तिच्या घरी नवरात्रात कुमारिकांचे पाय धुवून कुंकू लावतात. दीपमालाचे पाय तिनं दरवर्षी स्वतः धुतलेले. त्या मुलीच्या हातात आपली घाण द्यायची? रात्रभर ती तळमळली. पहाटे गोठ्यात गेली, वासराचं ताजं शेण चमच्यानं डबीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि वर स्वच्छ फडकं बांधलं. शेणानं तिनं जन्मभर अंगण सारवलं, हातांनी गोवऱ्या थापल्या. त्याची तिला कधी किळस नव्हती आणि लाजही नव्हती.

मी आतच राहिलो. माझ्या जागी वासराच्या पोटातले जीव ऐटीत नंदुरबारला गेले. ते माझे लांबचे भाऊबंद. त्यांच्या धन्याच्या पोटाला चार कप्पे, दिवसभर चारा आणि रवंथ. तिथं मी एक दिवस टिकलो नसतो, आणि इथं ते टिकले नसते. ज्याचं त्याचं पोट ठरलेलं असतं. माणसांना मात्र वाटतं, पोट म्हणजे पोट.

तपासणीला आठ महिने लागले. तेवढ्यात इकडे सगळं उलटंपालटं झालं.

नर्मदाबाईचे दात पडले आणि गुडघे धरले, म्हणून हेमराज तिला नंदुरबारच्या फ्लॅटवर घेऊन आला. मुलगा चांगला, सूनही चांगली. चेतना सकाळी चहासोबत टोस्ट द्यायची, दुपारी मऊ पोळी कुस्करून द्यायची, संध्याकाळी बिस्किटं. म्हातारीला चावायचा त्रास नको, एवढंच तिच्या मनात. पण मैदा आणि साखर वरच्या वरच जिरून जातात. खाली आमच्यापर्यंत काही येईना. वस्तीतले कितीतरी जण उपाशी गेले. काही जण आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थरच खाऊ लागले. भुकेल्याला काय बोलणार?

नर्मदाबाईचं वजन मात्र अठ्ठेचाळीसचं एकसष्ट झालं. सगळं आमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. शेत सुटलं, चालणं सुटलं. पण पोट भरल्याचा निरोप वर पाठवणारे आम्ही कमी झालो होतो हेही खरं. ती खायची आणि पुन्हा हात डब्याकडे जायचा. खरं तर तिला भूक नव्हतीच. दिवसभर घरात बोलायला कुणी नव्हतं. हेमराज कामावर, चेतना शाळेत शिकवायला, दीपमाला कॉलेजात. शेजारच्या फ्लॅटचं दार लोखंडी जाळीआड बंद.

आणि थंडीत तिच्या छातीत कफ भरला. ताप उतरेना. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांना मी दोष देत नाही. त्या नसत्या तर म्हातारी गेली असती, आणि मीही. पण गोळीला आपला-परका कळत नाही. तिसऱ्या दिवशी वस्ती शांत झाली. फोड्या माझ्या शेजारीच विरघळला. मी कसाबसा अपेंडिक्सच्या आंधळ्या बोळात सरकलो आणि तिथंच दबून राहिलो. बाहेर आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. नवे काही जीव येऊन बसले होते. ते साखरेवर जगणारे, त्यांची तऱ्हा वेगळी. त्यांनी मला हुसकावलं नाही, पण जवळही केलं नाही.

त्याच आठवड्यात दीपमाला रागानं घरी आली.

"आजी, खरं सांग. त्या डबीमा काय भरेल व्हतं? सर सगळास्ना समोर म्हनतस, हाई बाई चारा खास का?"

मग नर्मदाबाई म्हणाली, "वासरूनं शेन व्हतं, बेटा."

"कसाले?"

"शेन चोखं ऱ्हास. मन्ही घाण तुन्हा हातमा कशी देऊ? तुन्हा पाय धुयेल शेतस मी."

दीपमाला हसली, आणि मग तिला रडू आलं. सरांसमोर तिची शोभा झाली होती आणि आजीवर ओरडताही येत नव्हतं. ते रडणं ऐकून म्हातारी उठली. दुसऱ्या दिवशी तिनं डबी खरंच भरली. तीन पिशव्यांत गुंडाळली, वरून वर्तमानपत्र लावलं. पोरीच्या हातात देऊन झाल्यावर तिच्या हातांवर तांब्यानं पाणी ओतलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावायला गेली. दीपमाला मागे सरकली.

त्या चमच्यात मी नव्हतो. मी त्या वेळी परत अपेंडिक्सच्या तोंडाशी, उठायचीही ताकद नसलेला. जे गेले ते सगळे साखरवाले. महिन्याभरानं कागद आला, त्यात माझ्या जातीपुढे लिहिलं होतं, 'आढळला नाही'. दीपमालानं तो कागद वाचला, तेव्हा मी ऐकला. आपण जिवंत असताना आपल्या नावावर रेघ ओढलेली ऐकणं फार वाईट असतं.

दीपमालानं आजीला समजावलं, "तुन्हा पोटमा भाकरना कोंडा खानारा बारीक जीव व्हतात. आते दिसतस नहीत. कळनानी भाकर बंद व्हयनी, आनि मंग त्या गोया."

"मंग त्या भुक्या मरनात का?"

"तसंच म्हन."

नर्मदाबाईचं आतडं पुन्हा आवळलं. या वेळी लाज नव्हती, दुसरंच काही होतं. "मन्हा आसराले कोनी शे, हाई माले ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली. "ठाऊक ऱ्हातं तर उपाशी ठेवतू का?"

तिनं चेतनाला कळण्याचं पीठ दळून आणायला लावलं. दात नाहीत, तर भाकरी वरणात बुडवून, कुस्करून, गिळून खायला लागली. चेतना म्हणाली, "माय, तरास व्हई." ती म्हणाली, "व्हऊ दे."

कित्येक महिन्यांनी कोंडा खाली आला. तो वास मी ओळखला. बोळातून बाहेर सरपटलो आणि त्याला भिडलो. तो फुटेना. फोडणारा राहिला नव्हता. वरणातल्या डाळीचे चार मऊ धागे कुठं चिकटून येतात, तेवढ्यावर मी श्वास धरून आहे. बाकी सगळं ताट माझ्या समोरून तसंच पुढे वाहून जातं. म्हातारी माझ्यासाठी घास घास गिळते आणि तो माझ्या तोंडी लागत नाही, हे तिला कोण सांगणार?

गावाकडची एखादी बाई तिच्या शेजारी बसून, एका ताटात जेवली, तर कदाचित एखादा फोड्या इकडे येईलही. पण फ्लॅटवर कुणी येत नाही.

आता दुपारी सगळे बाहेर गेले की नर्मदाबाई आमच्याशी बोलते. खुर्चीत बसते, पोटावर हात ठेवते. त्या हाताची ऊब मला खालपर्यंत लागते. सत्तर वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. पहिल्या दिवशी मला रडू आलं असतं, डोळे असते तर.

"खाई ल्या रे भाऊहो," ती म्हणते. "आज दोन भाकरी खाद्यात तुम्हनासाठे. लाजू नका." बाहेर पंख्याचा आवाज येत असतो.

"आते कितला जन व्हयनात तुम्ही?" ती विचारते.

तिला वाटतं, खाली घर पुन्हा भरलंय. मी तिच्या हाताच्या बाजूला जितकं सरकता येईल तितकं सरकतो.

एकच, नर्मदाबाई. मी एकटाच आहे.