बारकीची पडताळणी

विमानतळावर नोकरी मिळवून देतो असं कोणी म्हणालं, की मी आधी त्याचे बूट बघते. झिजलेले असले तर समजावं, हा स्वतःच नोकरीच्या शोधात आहे. कोरे करकरीत असले तर समजावं, ते पोरांच्या फीमधून आलेत. बारकीच्या सरांचे बूट जुने होते, पण पॉलिश केलेले. त्यामुळे माझी पंचाईत झाली.

बारकी म्हणजे माझ्या भावाची मुलगी. शाळा संपल्यावर तिने विमानतळाचं कामकाज शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. विमान उडवायचं नाही की विमानात ट्रे घेऊन फिरायचं नाही. विमान जमिनीवर उभं असताना त्याच्याभोवती जी सतरा कामं असतात, ती करायची. भाऊ लांब राहतो, म्हणून पोरीला माझ्याकडे ठेवली आणि निघताना म्हणाला, "ताई, लक्ष असू दे." हे मला सांगायची काही गरज नव्हती. मी कपडे शिवते, आणि उसवून आत बघितल्याशिवाय कोणत्याही कोटाच्या अस्तरावर माझा विश्वास बसत नाही.

वर्ग बघायला मी न कळवता गेले. कळवून गेलं की लोक झाडून ठेवतात. जागा एका बंद पडलेल्या बँकेची होती. बँक का बंद पडली, हे मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन कारणं सांगितली. पैसे घ्यायच्या जुन्या काचेच्या खिडक्यांवर आता 'चेक-इन' लिहिलं होतं. खाली सामान तोलायचा काटा होता, आणि भिंतीवर पडद्यावर बॅगांच्या आतली निळी-केशरी चित्रं एकामागून एक सरकत होती. मुलं टक लावून बघत होती आणि सर विचारत होते, "हे काय? छत्री? नीट बघ. छत्रीला मूठ असते, ही मूठ कुठे आहे?"

मला ते बोलणं आवडलं, पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

सर पूर्वी विमानतळाच्या सुरक्षेत होते. "मग सोडलं का?" मी विचारलं.

"वय झालं, निवृत्त झालो."

"कागद आहे?"

त्यांनी खरंच कागद काढून दाखवला. मी तो उजेडात धरून बघितला, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवी असतात. सरावाच्या दिवशी प्रवासी म्हणून याल?"

सरावाच्या दिवशी घरचे लोक प्रवासी होतात आणि मुलं त्यांना तपासतात. कोणाचे काका जादा वजनावरून भांडत होते, कोणाची आई पासपोर्ट हरवल्याचं रडून दाखवत होती. मी साधी सरळ बाई झाले. बारकी खिडकीमागे बसली होती, मीच शिवलेल्या कोटात, आणि मला अनोळखी माणसासारखं म्हणाली, "नमस्कार. ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का? भरल्यानंतर ती सतत तुमच्याजवळ होती का? कोणी काही घेऊन जायला दिलंय का?"

मी म्हटलं, "माझ्या बॅगेला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही."

बारकीने माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे, आणि बॅग बाजूला काढून उघडली. अस्तराच्या आत मी शिवून ठेवलेली कात्री तिने बोटांनी चाचपून शोधली. बाकीची मुलं टाळ्या वाजवायला लागली. घरी येताना मी तिला विचारलं, "संशय कशावरून आला?" ती म्हणाली, "आत्या, तू इतकी गोड बोलत होतीस!"

त्या दिवसापासून वर्गावरचा माझा संशय निम्म्याने कमी झाला. उरलेला निम्मा मी जपून ठेवला. लागतो.

शेवटच्या महिन्यात सरांनी घरच्यांची एक बैठक घेतली. म्हणाले, विमानतळावर काम करणाऱ्याच्या घरी लोक गोड बोलून येतात. पोरगी कुठे आहे, कोणत्या वेळेला कामावर जाते, सहज विचारल्यासारखं विचारतात. अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही. कार्ड दाखवलं तरी भुलायचं नाही, कार्ड कोणीही छापतं. आणि फोनवर तर यातलं काहीच बोलायचं नाही. माझ्या मनात आलं, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी शहाणं बोलतंय. मी इतकी खूश झाले, की शेजारी बसलेल्या बाईला कोपराने ढोसून म्हणाले, "बघा, मी हेच सांगत असते." त्या बाईशी बोलण्यात पुढचं थोडं ऐकायचं राहिलं.

बारकीची निवड झाली. नोकरी पक्की, फक्त विमानतळात शिरायचा पास मिळाला की रुजू व्हायचं. पास नसेल तर दारातूनच परत, आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. पास मिळेपर्यंत कंपनीने तिला दुसऱ्या गावी प्रशिक्षणाला पाठवलं.

ती गेली आणि चारच दिवसांत एक माणूस दारात उभा राहिला. साधा शर्ट, काखेत फाइल, आवाजात लोणी. "ही मुलगी इथेच राहते ना?" त्याने बारकीचं पूर्ण नाव घेतलं.

"तुम्ही कोण?"

"पडताळणीसाठी आलोय. स्वभावाने कशी आहे? मित्रमंडळी कोण? घरी नसते तेव्हा कुठे असते?"

त्याने कार्ड पुढे केलं. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, सरांनी सांगितलं तस्सं. पोरीची बित्तंबातमी काढायला आलाय आणि वर 'पडताळणी' म्हणतोय. चोर कधी 'चोरी करायला आलोय' म्हणतो का?

"अशी कोणी मुलगी इथे राहत नाही," मी म्हणाले.

"पण पत्ता तर हाच आहे."

"पत्ता चुकलाय. मी एकटी राहते. मी त्या नावाच्या कोणाला ओळखत नाही."

त्याने आत नजर टाकली. दोरीवर बारकीचा टॉवेल वाळत होता. मी दार लावून घेतलं आणि खिडकीच्या फटीतून तो जाईपर्यंत बघत राहिले. तो रस्त्याकडे न जाता जिना चढून वर गेला. म्हणजे वरच्या बाईकडे. माझ्या मनात आलं, घ्या, आता सगळं बाहेर येणार.

वरच्या बाईचं आणि माझं बोलणं नाही. माझ्या गॅलरीतून एकदा निळ्या साटनचा अख्खा तुकडा नाहीसा झाला, आणि वाऱ्याने गेला हे मला पटलं नाही. तिच्या तोंडावर मी काही म्हणाले नाही. बाकी सगळ्या इमारतीला सांगितलं.

त्या रात्री बारकीचा फोन आला. मी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. फोनवर यातलं काही बोलायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शिवाय पोरीला उगाच घोर कशाला?

आणि मग एक दिवस बारकी अचानक परत आली. बॅग खाली न ठेवताच दारात उभी राहिली. "आत्या, पास नाकारला. पडताळणीत काहीतरी वाईट आलंय. सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर जागा जाणार." मग तिने विचारलं, "घरी कोणी आलं होतं का?"

"पडताळणीचं कोणी आलं नाही," मी म्हणाले. मला तेच खरं वाटत होतं. भामटा आला होता, त्याला मी पिटाळला, त्याचा आणि पडताळणीचा काय संबंध?

पण डोकं चालू लागलं. वाईट आलंय म्हणजे कोणीतरी वाईट सांगितलंय. आणि या इमारतीत आमचं वाईट चिंतणारं एकच माणूस होतं. मी तशीच पदर खोचून वर गेले.

"माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा होता," मी दारातूनच सुरू केलं. "त्या पोरीने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

वरची बाई पोळलेल्या बोटाला पाणी लावत होती. "मी त्या मुलीबद्दल वाईट काही बोलले नाही."

"मग काय भिंती बोलल्या?"

"तुम्हाला काय समजायचं ते समजा," ती म्हणाली आणि दार लावलं. तिचं ते शांतपणे दार लावणं मला जास्तच संशयास्पद वाटलं. खरं माणूस भांडतं, असा माझा तेव्हा समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बारकीला घेऊन मी पडताळणीच्या कचेरीत गेले. वाटेत तिला सांगितलं, तू गप्प बस, मी बोलते. शिपायाने शेवटच्या टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलामागच्या माणसाने मान वर केली. तोच शर्ट, तीच फाइल.

"या, एकट्या राहणाऱ्या बाई," तो म्हणाला.

बारकी त्याच्याकडे बघायला लागली, मग माझ्याकडे.

"मुलीबद्दल वाईट कोणीच बोललेलं नाही," तो म्हणाला. "तुमच्या वरच्या बाई म्हणाल्या, मुलगी इथेच राहते, सरळ आहे, जिन्यात भेटली की माझ्या हातातली पिशवी घेते. पण घरातली बाई म्हणते, अशी मुलगीच नाही. दोरीवर टॉवेल दिसतोय आणि बाई म्हणते मी एकटी. असं घर बघून विमानतळाच्या आत कोणाला सोडायचं?"

"मला वाटलं तुम्ही भामटे आहात," मी म्हणाले. आवाज माझाच होता का, कोण जाणे.

"कार्ड दाखवलं होतं."

"कार्ड कोणीही छापतं."

त्याच्या मागे बसलेली मुलगी हसू दाबायला खाली वाकली. बारकी हसली नाही. ती हळूच म्हणाली, "आत्या, सरांनी तेही सांगितलं होतं. पडताळणीचा माणूस साध्या कपड्यांत येईल. कचेरीचा नंबर आपण स्वतः शोधून विचारून घ्यायचं, आणि मग त्याला सगळं खरं सांगायचं. शेवटी सांगितलं होतं."

तेव्हा मी शेजारी बसलेल्या बाईला कोपराने ढोसत होते.

मी खुर्चीतच बसले. पोरीला जगापासून सांभाळता सांभाळता तिच्या पायावर धोंडा मीच टाकला होता, आणि तो टाकून वर दुसरीच्या दारात जाऊन शिमगा केला होता. मला लाज वाटली. अशी की भर कचेरीत पदर तोंडावर घ्यावासा वाटला.

"पुन्हा पडताळणी करता येते," तो माणूस म्हणाला. आता त्याचा आवाज थोडा मऊ झाला. "पण तुमच्या बोलण्याला आता वजन नाही. तेव्हा नाही म्हणालात, आज हो म्हणता. यातलं खरं कोणतं, हे मी कशावरून ठरवू? त्या वरच्या बाई समोर उभ्या राहून सांगतील, तर बघू. उद्या येतो."

घरी येईपर्यंत बारकी माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली. तिने ओरडायला हवं होतं. मी ओरडले असते.

वर जायला एकच जिना आहे, पण त्या संध्याकाळी तो संपता संपेना. वरच्या बाईने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून तिचा एक डोळा आणि पट्टी बांधलेलं बोट दिसत होतं.

"आता काय चोरीला गेलं?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर परत फिरले असते. "काल मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. चुकलं माझं. पण पोरीची नोकरी जाईल हो."

तिने बोटाची पट्टी घट्ट केली. "मुलीसाठी येईन," शेवटी ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी तो माणूस माझ्या शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. बारकी भिंतीला टेकून उभी होती, नखं खात. वरची बाई मधोमध उभी राहिली आणि बारकीबद्दल जे विचारलं त्याची सरळ उत्तरं देत गेली. मला वाटलं, झालं. तेवढ्यात त्याने माझ्याकडे मान वळवली.

"आणि या? मुलगी यांच्याच घरात राहणार. यांनी मला तोंडावर खोटं सांगितलंय. शेजारी म्हणून तुम्ही काय म्हणाल, माणूस कसं आहे?"

मी त्या बाईबद्दल इमारतभर जे सांगत फिरले होते, त्यातलं चिमूटभर जरी तिने परत दिलं असतं, तरी बारकीचा पास गेला होता. आणि तिला चिमूटभरच का द्यावंसं वाटावं?

"संशयी आहे," वरची बाई म्हणाली. "फटकळ आहे. शेजारीण निवडून घ्यायची असती, तर मी ही घेतली नसती."

बारकीने डोळे मिटले.

"पण मुलीला यायला जरा उशीर झाला, की ही गॅलरीतून हलत नाही. मी वरून बघते ना. खोटं बोलली ती त्या मुलीसाठी. स्वतःसाठी खोटं बोललेली मी तरी बघितली नाही. हिचा कोणावर विश्वास नसतो, पण हिच्यावर ठेवायला हरकत नाही."

त्याने लिहून घेतलं आणि उठला. "पास निघेल," दारातून बारकीला म्हणाला. बारकी मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

वरची बाईही निघाली होती. मी तिला थांबा म्हणाले. मी आत गेले, चहा केला आणि कप तिच्यापुढे धरला. थोडा चहा बशीत सांडला.

तिने कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आधी तुम्ही घोट घ्या," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर घोट घेतला. मग तिने कप घेतला आणि बारकीशेजारी बसली.