पिन लावलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना, पहिल्याच धुण्यात आटलेला पडदा आहे. नाक मुरडू नका. कोर्टात जाऊन जिंकून आलेला दुसरा पडदा तुमच्या पाहण्यात असेल तर खुशाल सांगा.

धाकटीने मला तिच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या खोलीसाठी शिवले. ताई नाटकातली नटी. तिच्या लांबसडक केसांवर लोक जीव टाकत. धाकटीने घाईघाईत कापड न भिजवताच कापले, म्हणून धुतल्यावर मी आखडलो आणि माझ्या दोन भागांमध्ये फट राहू लागली. तिने मध्यावर सेफ्टीपिन लावून वेळ मारून नेली.

पुढे ताई आजारी पडली. औषधांनी तिचे केस गेले. घरातही ती डोक्याला रुमाल बांधे. खोलीत एकटी असली आणि मी ओढलेला असलो, तरच तो सोडी. माझ्यावर तिचा तेवढा भरवसा होता.

एका सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तिचा उघड्या डोक्याचा फोटो आला. समोरच्या गच्चीवरून फोटोग्राफरने तो पिनेच्या वरच्या फटीतून टिपला होता. त्या दिवसापासून ताईने आरशाकडे पाठ फिरवली. आता पुन्हा रंगमंचावर उभी राहणार नाही, असे तिने सांगून टाकले. धाकटी सगळा दोष आपल्या शिवणीला देत मला धरून रडली. मलाही मेल्याहून मेल्यासारखे झाले.

घरच्यांनी दावा लावला. खिडकी सताड उघडी होती आणि पडदा बाजूला सारलेला होता, असे वर्तमानपत्राने शपथेवर सांगितले. छापलेल्या फोटोत नुसता ताईचा चेहरा होता, माझा धागाही नव्हता. मूळ फोटो म्हणे पुसला गेला. आमच्या बाजूने होता फक्त धाकटीचा शब्द.

पण वर्तमानपत्राला मिरवायची हौस भारी! आमच्या वकीलबाई काही कागद द्यायला त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या. तिथे त्यांना बाकावर ताटकळत बसवले. समोरच्या भिंतीवर स्पर्धेत बक्षीस मिळालेला फोटो चौकटीत घालून, वर दिवा लावून टांगला होता. तोच फोटो, न कापलेला! दोन्ही बाजूंना मी आणि मध्ये चकाकणारी पिन. छापताना मला कातरून टाकणाऱ्यांना स्पर्धेसाठी माझ्या चुण्या सुंदर वाटल्या होत्या.

कोर्टाने ती चौकट मागवली. मीही पिशवीत बसून गेलो.

"पडदा बाजूला सारला होता म्हणता," न्यायाधीशांनी फोटोग्राफरला विचारले, "मग ही पिन काय धरून बसलीय?"



सार्वजनिक कारभारातली लपवाछपवी वर्तमानपत्राने जरूर उघडी पाडावी, पण ताईचे आजारपण हा कुणाचा कारभार नव्हे, असा निकाल लागला. शेवटी न्यायाधीश म्हणाले, "माणसाने पडदा ओढला, की त्याचं म्हणणं सांगून झालं. फट किती होती, हा प्रश्नच नाही." त्याच पहिल्या पानावर माफी छापून आली. मी तर आनंदाने वाऱ्याशिवाय हललो असतो.

दुसऱ्या दिवशी धाकटी नवे कापड घेऊन आली, या वेळी भिजवून वाळवलेले. ताई म्हणाली, "राहू दे. यानेच माझी बाजू लावून धरली." मग तिने डोक्याचा रुमाल सोडला, स्वतःच्या हाताने माझी पिन काढली आणि मला पार टोकापर्यंत सारले. तशीच, उघड्या डोक्याने, ती तालमीला गेली.

मित्रांनो, कुणाच्या खिडकीवर माझ्यासारखा आखडलेला पडदा दिसला, तर फट शोधू नका. उघडावासा वाटला की आतले माणूस तो स्वतः उघडते. मी पाहिले आहे.