तात्पुरती ओळ

हिमानीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती आकडे बरोबर येऊ लागले तेव्हा. चुकीचे आकडे तिच्या अंगवळणी पडले होते. शिकागोजवळच्या विद्यापीठात पीएचडीसाठी पाच वर्षं ती बॅटरीतल्या एका रेणूची ऊर्जा क्वांटम कॉम्प्युटरवर काढत होती, आणि ते यंत्र असं लहरी की एकच प्रश्न दहादा विचारला तर दहा उत्तरं द्यायचं. मार्चपासून मात्र ते शहाण्या बाळासारखं प्रयोगात मोजलेल्या आकड्याला धरूनच बोलायला लागलं. गाइड लिंडहोमबाई खूश होत्या, डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, शुक्रवारवर आला होता. हिमानीला मात्र जेवण जाईना.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मुरवणारा कोण, हेही तिनं ठरवून टाकलं: सौमित्र. नागपूरचा, मार्चमध्येच पोस्टडॉक म्हणून, पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीवर, आलेला, व्हिसा बाईंच्या सहीवर टांगलेला. हिमानीच्या प्रोग्रामला हात लावायची परवानगी तिच्याखेरीज फक्त त्यालाच होती, आणि होणाऱ्या पेपरवर त्याचंही नाव होतं. शिवाय महिन्यापूर्वी कॉफी ओतता ओतता म्हणाला होता, "यार हिमानी, तुझे रिझल्ट जरा जास्तच छान येतात. एकदा कोड चेक कर ना."

मेला जळतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता वाटलं, चोर तो चोर आणि वर टोमणे मारतोय.

बुधवारी तिनं सापळा लावला. तुलनेसाठी ठेवलेला प्रयोगाचा आकडा काढून तिथे गुपचूप खोटा लिहिला. यंत्राला त्या आकड्याशी काही देणंघेणं नसायला हवं. पण गुरुवारी सकाळी पाहिलं तर उत्तर खोट्या आकड्याला जाऊन चिकटलेलं! संतापाच्या भरात तिनं बाईंना मेल ठोकला: कोणीतरी फेरफार केलाय, सौमित्रला विचारा. बाईंनी दोघांनाही तीन वाजता बोलावलं.

दोन वाजता ती पुरावा शोधायला बसली. कोडची कुठली ओळ कोणी, कधी लिहिली याची नोंद राहते. ओळ सापडली. प्रयोगाच्या आकड्यापासून लांब गेलेलं प्रत्येक उत्तर टाकून द्या, असं तिच्यात म्हटलं होतं. यंत्र अजून तितकंच लहरी होतं, फक्त त्याचं न पटणारं बोलणं कचऱ्यात जात होतं. तारीख चार मार्च. सौमित्र आला वीसला. नाव हिमानीचंच, आणि शेजारी तिची टीप. इतरांना कळू नये म्हणून टिपा ती मराठीत लिहायची. "तात्पुरतं. टेस्ट झाली की काढायचं."

काढायचं ती साफ विसरली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तीन वाजता ती पोचली तर सौमित्र आधीच बाईंसमोर बसलेला. स्क्रीनवर तीच ओळ होती; ती कोणी लिहिली ही नोंद बाईंनी अजून उघडलेली नव्हती.

"शेजारी तुमच्या भाषेत काहीतरी लिहिलंय," बाई त्याला म्हणाल्या. "काय लिहिलंय?"

सौमित्रनं हिमानीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "सॉरी. मी नाही सांगू शकत."

म्हणजे त्यानं ती टीप केव्हाच वाचली होती. म्हणूनच चारचौघांत न बोलता कॉफीपाशी बोलला होता. आणि आत्ता, नोकरी पणाला लागलेली असतानाही, तिचं नाव घेत नव्हता.

हिमानी उभीच राहिली. "ओळ माझी आहे," ती म्हणाली. "टीपही माझीच."

तिनं ती आधी मराठीत वाचली, मग इंग्रजीत सांगितली. शुक्रवारच्या डिफेन्सचं काय, हे कोणीच विचारलं नाही.