हिरव्या पडद्याची साक्ष

मी पडदा बोलतोय. दवाखान्यातल्या खाटेभोवती वरच्या कड्यांवर सरकतो ना, गडद हिरवा, तोच. मला दाराखिडकीचा समजू नका, ती मंडळी शोभेची. मी कामाचा.

विणला गेलो मागावर, पण शहाणपण आलं ते घाऊक कापडाच्या दुकानात. तिथल्या फळीवर बरेच दिवस पडून होतो. फळीवर पडून दुनिया छान कळते. गिऱ्हाईक कापड चिमटीत धरतं, तोंड वाकडं करतं आणि शेवटी तेच घेऊन जातं. दवाखान्याच्या माणसाने मात्र मला हातही लावला नाही. "मळखाऊ रंगाचं द्या," एवढंच म्हणाला. मळ दिसू नये म्हणून. नसावा असं काही तो म्हणाला नाही.

वॉर्डात सगळं धुतलं जायचं. मी तेवढा कुणाच्याच वाट्याला आलो नाही. धोबी म्हणायचा, "मला चादरी देतात, पडदे नाही." फरशीवाल्या मावशी म्हणायच्या, "माझा हात तिथवर पोचत नाही." सिस्टर म्हणायच्या, "चांगला दिसतोय की!" आणि धरायचा मात्र मला प्रत्येक जण. खोकणारे, शिंकणारे, शेजारच्या खाटेवरची पट्टी बदलून आलेले, सगळेच.

मग आमच्या खाटेवर एक कापडवाले शेठ आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सोबतीला लेक. त्यांनी शुद्धीवर येताच मला चिमटीत धरलं. म्हटलं, आपला माणूस भेटला.

"सिस्टर, याला पाणी कधी दाखवलं होतं?"

"का शेठ, पांघरायचाय का?"

"छे हो! कड्या काढून घ्या म्हणतो. हा आता नुसताही उभा राहील."

अख्खा वॉर्ड हसला. मीसुद्धा हसलो. काय अक्कल माझी!

थोड्या वेळाने डॉक्टर जखम बघायला आले. माणूस भला, उगाच खोटं कशाला बोलू? कोपरापर्यंत हात धुतले, नवे हातमोजे चढवले. तेवढ्यात समोरच्या खाटेवरचे पाहुणे माना वळवून बघतायत, हे त्यांच्या लक्षात आलं. शेठना संकोच नको म्हणून त्यांनी मला ओढून घेतलं. हातमोज्यांनीच. आणि त्याच हातमोज्यांनी जखमेवरची पट्टी उचलली. पुढे रोज हेच. हात धुणं, हातमोजे, मी, जखम.

जखम लाल झाली. मग पू, मग ताप. औषधांवर औषधं बदलली. शेवटी पाय मांडीपासून कापावा लागला.

"दावा लावणार मी," शेठ म्हणाले.

"बाबा, पाय परत येणार आहे का त्याने?" लेकीने विचारलं.

"नाही ग. पण आपल्याकडचं कापड विरलेलं निघालं तर आपण काय करतो?"

"बदलून देतो."

"आणि त्याच्या आधी?"

लेक खाली बघत म्हणाली, "चुकलं म्हणतो."

"मग तेवढंच म्हणू दे त्यांना. माझं बाकी काही मागणं नाही."

दावा लागला. शेठच्या वकिलाने मागणी केली, तो पडदा हजर करा. दवाखान्यात एकच धांदल! मला तेव्हा पहिल्यांदा खाली उतरवलं. उकळत्या पाण्यात बुचकळलं, जंतुनाशकात बुडवलं, कडक इस्त्री केली. त्यात काही गैर आहे असं एकालाही वाटलं नाही. न्यायाधीशांपुढे मळका पडदा न्यायचा तरी कसा?

सुनावणीच्या खोलीत मी टेबलावर होतो. साबणाचा घमघमाट. दवाखान्याचे वकील म्हणाले, हात धुतले होते, हातमोजे नवे होते, जंतू काय, माणसाच्या अंगावरही असतात, त्यातून पेशंटला मधुमेह. एक शब्द खोटा नव्हता. डॉक्टर मान खाली घालून बसले होते. बोलावंसं त्यांनाही वाटत असावं, कारण एकदा तोंड उघडलं. वकिलांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

शेठ कुबड्यांवर टेबलापर्यंत आले. मला बोट लावून म्हणाले, "घडी झकास घातलीय. आम्हीही अशीच घालतो, डाग आत ठेवून. पण याच्यात आता डागही ठेवला नाही."

न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला. संसर्ग दवाखान्यातच झाला असावा, मात्र कुणाच्या हातून, ते सिद्ध होत नाही. दावा फेटाळला.

"बाईसाहेब," शेठ म्हणाले, "कुणाचा हात ते मी विचारलंच नव्हतं. भिंती त्यांच्या, खाट त्यांची, पडदा त्यांचा. त्या खोलीत माझा म्हणून फक्त पाय होता."

लेकीने त्यांची कुबडी सावरली आणि दोघं निघून गेले.

मला न्यायला दवाखान्याचं कुणी फिरकलं नाही. मी इथेच, जुन्या पुराव्यांच्या खोलीत, पिशवीत पडून आहे. माझ्या जागी नवा पडदा लागला असेल, मळखाऊच. तुमचं माणूस त्या खाटेवर असेल, तर डॉक्टर हात धुवायला वळण्याआधी तुम्हीच उठून तो ओढून घ्या. आणि हा कुणाच्या वाट्याला आहे, ते तिथल्या तिथे विचारा. मागाहून विचारलंत, तर तुम्हाला धुतलेला पडदा दाखवतील.