मधली पानं

“ह्याला चहा म्हणायचं? त्यापेक्षा कप विसळलेलं पाणी बरं,” बाईंच्या कानाशी शुकशुक पुटपुटली.

वाचनालयाच्या ह्या ग्रंथपालाचं ते नाव फार पूर्वी विद्यार्थ्यांनी पाडलं होतं. नोकरीभर तिने शुकशुक करून लोकांना गप्प बसवलं. आता निवृत्तीनंतर रोज येऊन ती बाईंशेजारी बसे आणि चहाला, पंख्याला, नव्या ग्रंथपालाच्या करकरणाऱ्या बुटांना हळू आवाजात नावं ठेवी. बाई हसायच्या. आज हसल्या नाहीत.

समोर त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं होती. संध्याकाळी ती छापखान्यात जायची होती. ‘कुणाचंही मिंधं नसलेलं साप्ताहिक’. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं एक छोटंसं साप्ताहिक. युद्धाविरुद्ध लिहिणारं, एकही जाहिरात न घेता निव्वळ वर्गणीवर चाललेलं. निदान बाईंनी तसं सिद्ध केलं होतं, इथलेच, वर्षावर्षाचे अंक एकत्र बांधलेले खंड वाचून. त्या पुस्तकाने त्यांना प्राध्यापकाची नोकरी दिली, सभांमधली पहिली रांग दिली, आणि घरात भाजी अळणी झाली तरी कुणी बोलू नये इतका दरारा दिला.

आणि गेल्या महिन्यात कुणीतरी दिलेल्या रद्दीच्या खोक्यातून त्याच साप्ताहिकाचा एक सुटा अंक निघाला. कधीच न बांधलेला. त्याच्या पोटात जाहिरातींची चार गुळगुळीत रंगीत पानं होती. केसांचं तेल, टोप्या, आणि पानभर तोफांचा कारखाना. पान उलटलं की संपादकांचा शांततेवरचा लेख.

विभागप्रमुखांनी अंक पाहिला, “वा, दुर्मीळ,” म्हणाले आणि पालथा ठेवला. नवरा म्हणाला, “एका अंकाने काय होतंय?” आणि नाकावरचाच चष्मा शोधू लागला. सगळे इतके समजूतदारपणे वागत होते, की बाईंना तोंड कुठे लपवू असं झालं होतं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

“तळटीप घालते एक,” बाई म्हणाल्या. “एखादा अंक अपवाद असू शकतो.”

“घाल की.”

“बारीक टाइपात.”

“मुंगीला वाचता येईल असा निवड.”

बाईंनी शेजारचा खंड पुढे ओढला. “जाहिरातींची पानं काढून खंड बांधतात, हे मला कुणी सांगायला नको होतं?”

“सगळीकडे तीच पद्धत होती. कपाटं अपुरी, आणि जाहिरात म्हणजे कचरा.” शुकशुकने कप दूर सारला. “जुने खंड पुन्हा बांधायला काढले तेव्हा मीच बांधणाऱ्याला सांगितलं, मधली पानं फाड, खंड उगाच जाड होतो.”

“मग बोलली का नाहीस?”

शुकशुकची नजर बाईंच्या हातावर होती. बाईंनी खंड उघडला होता आणि न बघताच त्यांचं बोट दोन पानांच्या बेचक्यात उतरलं होतं. तिथे शिवणीत नखाएवढ्या रुंद, फाटक्या कडा उभ्या होत्या. पुढच्या अंकातही होत्या. त्याच्या पुढच्याही. बोट वाट चुकत नव्हतं.

“अगं, तू पुस्तक लिहीत होतीस ना, तेव्हा मी त्या कपाटाशी उभी असायचे,” शुकशुक म्हणाली. आवाज तिने खाली आणला नाही. “ह्याच कडांवरून तू असंच बोट फिरवायचीस. मला वाटायचं, आता विचारेल. मग विचारेल.”

पलीकडून नव्या ग्रंथपालाने मान वर करून ओठांवर बोट ठेवलं. शुकशुकने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता मला का विचारतेस? तुला ठाऊक होतं गं.”