न मोजलेली मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. घनसावंगीजवळच्या एका गावात, मच्छिंद्रकाकांच्या पिठाच्या गिरणीत, खिळ्याला लटकलेले असते. अंगावर ज्वारीचे पीठ बसलेले, दोरीला घामाचा वास, आणि बटण इतके झिजलेले की त्यावर काय लिहिले होते ते मलाही आठवत नाही. मी थकले आहे. बॅटरी नवी घातली तरी हा थकवा जात नाही.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथून मी जुन्या जालन्यातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात आले. पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका सरांनी मला विकत घेतले आणि सात वर्षे मी त्यांच्या गळ्यात राहिले. सोळाशे मीटर, आठशे मीटर, पुन्हा सोळाशे मीटर. पोरे पास झाली की म्हणत, आमची मेहनत. नापास झाली की म्हणत, घड्याळच बोगस आहे. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय! पण सर मला रोज रुमालाने पुसत. ते दिवस बरे होते.

सरांच्या मैदानावर आकांक्षा धावायची. तिला मोटारसायकलवर घेऊन येणारे तिचे वडील म्हणजे आमचे मच्छिंद्रकाका. पोरीचा सराव संपेपर्यंत नुसते बसून काय करायचे, म्हणून पंचेचाळीस वर्षांचे हे गृहस्थ चपला काढून मैदानाला फेऱ्या मारू लागले आणि त्यांना धावण्याचा नादच लागला. आकांक्षा भरती झाली तेव्हा सरांनी नवे घड्याळ घेतले होते. त्यांनी मला तिला बक्षीस दिले, आणि तिने मला वडिलांच्या हातात ठेवले.

"बाबा, माझं झालं. आता तुमचा नंबर," ती म्हणाली. "दहा किलोमीटर, पन्नास मिनिटांच्या आत. बघा, जमतंय का!"

"न जमायला काय झालं?" काका म्हणाले. लेकीला दिलेला हा शब्द त्यांनी फार मनावर घेतला.

गिरणीपासून कालव्याच्या पुलापर्यंत पाच किलोमीटर, परत पाच. उजाडले की आम्ही निघायचो. परतल्यावर काका गिरणीच्या भिंतीवर कोळशाने वेळ लिहायचे. छप्पन्न. चोपन्न. मग पन्नास. मग तर सत्तेचाळीस मिनिटे तीस सेकंद! दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते ती भिंत दाखवत. माझेही कौतुक होई. मला मात्र लाज वाटे. का, ते सांगते.

त्या रस्त्यावर काकांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. ज्याचे दळण आपल्याकडे येते त्याला राम राम न करता पुढे जायचे कसे? गावात दुसरी गिरणीही आहे. पहिल्याच वळणावर चतुराबाई आजी ओसरीवर बसलेल्या असत.

"मच्छिंद्रा, माझं दळण झालं का रं?"

काका थांबत, अंगठ्याने मला बंद करत, "दुपारी पाठवतो, आजी," म्हणत, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत आणि मग मला पुन्हा चालू करत. पुढे महेमूदभाईंचे चहाचे हॉटेल. "जल्दी क्या है, चाय पीके जाव!" की पुन्हा मी बंद. त्यापुढे कोणाचा ऊस, कोणाचा दुखरा पाय, कोणाच्या पोरीचे लग्न. जाताना तीन थांबे, येताना तीन. तेवढ्यात काकांची छाती शांत होई, पाय मोकळे होत. मित्रांनो, मला खोटे बोलता येत नाही. पण कोणी माझे तोंडच दाबले तर मी काय करणार?

जानेवारीत जालन्यात शर्यत झाली. छातीवर नंबर लावून काका धावू लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसेच माणसे, पण एकही ओळखीचे नाही. कोणी दळण विचारीना, कोणी चहाला बोलवेना. सहाव्या किलोमीटरपासून काका धापा टाकू लागले. आकांक्षा शेवटच्या रेषेशी उभी होती. पंचावन्न मिनिटे चाळीस सेकंद.

काकांनी मला कानाशी धरून हलवले. "बिघडलं हाय हे," ते म्हणाले. "बिलकुल बिघडलं."

तिथल्या मोठ्या घड्याळावरही तेच आकडे होते. तिकडे त्यांनी पाहिलेच नाही. त्या दिवशी मी खिळ्याला गेले, आणि दोन महिने माझ्यावर पीठ बसत राहिले.

होळीला आकांक्षा सुट्टीवर आली. तिने मला खिळ्यावरून काढून वडिलांच्या हातात दिले. "चला बाबा, मी येते संग." पहिले वळण आले, चतुराबाईंनी हाक मारली, काकांनी मला बंद केले.

"हे काय केलं?" आकांक्षाने विचारले.

"बोलताना कशाला मोजायचं? तेव्हा मी पळून थोडाच राह्यलो?"

"बाबा, तुम्ही दम खाऊन राह्यलात!"

"दम न्हाई गं, राम राम करून राह्यलो."

आकांक्षा हसली नाही. "जालन्याला एकदा तरी थांबलात का? घड्याळ बराबर हाय, बाबा."

गिरणीत परतल्यावर काकांनी फडके ओले केले आणि भिंतीवरचे सगळे आकडे पुसून टाकले. सत्तेचाळीस तीस पुसताना त्यांना फार वेळ लागला. मलाही वाईट वाटले. ते आकडे माझेच होते.

पण भिंत पुसली तरी रस्त्यावरची माणसे होतीच. दुसऱ्या दिवशी काका कोणाशीही न बोलता धावले आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले, मच्छिंद्र माजला! चतुराबाईंनी न दळलेली ज्वारी परत मागवली. काका स्वतः डबा घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले आणि खाली बसून सगळे सांगितले. लेकीला दिलेला शब्द सांगितला, भिंतीवरचे खोटेही सांगितले.

"मंग आधीच सांगायचं की रं," आजी म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, तू हिंडाया जातूस."

रविवार आला. आकांक्षा जालन्याला नोकरीवर परतली होती. काकांनी मला चालू केले. वळणावर चतुराबाई काठी टेकून उभ्या होत्या आणि शेजारणीला दटावत होत्या, "त्याला बोलू नको गं! पळून झाल्यावर बोल." महेमूदभाईंनी नुसता हात वर केला. रस्ताभर माणसे आपापले प्रश्न पोटात ठेवून गप्प उभी होती. इतके शांत गाव मी कधी पाहिले नव्हते.

परतताना आठव्या किलोमीटरला काकांचे पाय जड झाले. दम लागला. त्यांचा अंगठा माझ्या बटणावर आला. सवयच होती ती. मी वाट पाहिली. अंगठा तिथेच राहिला, पण त्यांनी बटण दाबले नाही.

गिरणीच्या दारात मी थांबले. एक्कावन्न मिनिटे आठ सेकंद.

फोन वाजला. "किती, बाबा?"

मी त्यांच्या मुठीत होते. जवळ कोणी नव्हते. एकोणपन्नास म्हटले असते तरी मी काही साक्ष द्यायला जाणार नव्हते. काका पायरीवर बसले.

"एक्कावन्न आठ," ते म्हणाले.

आकांक्षा म्हणाली, "पन्नासच्या आत यायला एक मिनिट नऊ सेकंद राह्यले, बाबा. तेवढंच."

फोन ठेवून काकांनी सदऱ्याच्या टोकाने माझ्या काचेवरचे पीठ पुसले. सरांनंतर मला पहिल्यांदाच कोणी पुसले.

मित्रांनो, ते मिनिट निघेल की नाही, मला ठाऊक नाही. काका पन्नाशीला टेकले आहेत आणि माझे बटणही फार दिवसांचे सोबती नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना कधी तरी पुसत जा, एवढे मागितले असते. पण तेही राहू द्या, पीठ अंगवळणी पडते. फक्त दम लागला म्हणून मला बंद करू नका.