मानोलची बोटं, सेव्दाचा दम

गवताच्या गंजीवरून मानोल घसरला तो थेट गाडीच्या दांडीवर आपटला. बरगडीत कळ आली, तरी उठून त्याने उरलेलं गवत रचलंच. संध्याकाळी धाप लागायला लागली, तेव्हा बायकोने, सेव्दाने, त्याला ओढतच स्मोल्यान शहरातल्या दवाखान्यात नेलं.

एक्स-रेत एक बरगडी मोडलेली दिसली, बाकी सगळं ठीक. मानोल सदरा चढवू लागला. पण डॉक्टर रुमेनाला त्याची धाप काही पटेना. तिने त्याच्या छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. डावीकडे प्रत्येक श्वासासरशी एक चमकती रेघ मागेपुढे सरकत होती. उजवीकडची रेघ मात्र ढिम्म.

"ही का झोपलीय?" मानोलने विचारलं.

"आजोबा, फुप्फुसाच्या बाहेर हवा साठलीय. थोडी असली, की झोपवून काढलेल्या एक्स-रेत ती दडून राहते."

सीटी स्कॅनमध्येही तेच निघालं. सुदैवाने छातीत नळी घालावी लागली नाही. थोडे दिवस ऑक्सिजनवर भागलं. घरी सोडताना रुमेनाने बजावलं, की पुन्हा तपासेपर्यंत गायदा, म्हणजे त्याचं ते बोकडाच्या कातड्याच्या पिशवीचं वाद्य, फुंकायची नाही.

मानोलचं तोंड एवढंसं झालं. रविवारी नातीचं लग्न होतं, आणि त्याच्या गायदेच्या सुरांवरच ती घराबाहेर पाऊल टाकणार होती. सेव्दाने वाद्य कपाटात कोंडलं. तशीही ती त्या आवाजाला आयुष्यभर बोकडाचं रडणं म्हणत आली होती.

रविवारी नवरी उंबऱ्याशी थांबली ती हलेचना. मानोल मान खाली घालून बाकावर बसला होता. सेव्दा आत गेली, गायदा घेऊन आली आणि त्याला खेटून बसली. कातडी पिशवी तिने आपल्या काखेत घेतली.

"फुंकते मी. तू नुसती बोटं चालव."

आधी फुसकाच आवाज निघाला, पाहुणे हसले. सेव्दाने लालबुंद होईस्तोवर पिशवी फुगवली, आणि मानोलची बोटं नळीच्या भोकांवर नाचू लागली. नवरी डोळे पुसत बाहेर पडली.

पुढच्या तपासणीत उजवीकडची रेघही सरकताना दिसली. काही आठवड्यांनी रुमेनाने फुंकायला परवानगी दिली. आता मानोल रोज अंगणात वाजवतो. मधूनच सेव्दा हात पुसत येते, बाकावर टेकते आणि म्हणते, "सरक जरा. दे इकडे."

तो सरकतो आणि पिशवी तिच्या काखेत देतो.